‘ओळखूही येत नाही’ ही शाबासकी नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

२ एप्रिलच्या अंकात, जागतिक स्वमग्नता (ऑटिझम) जागरूकता दिनानिमित्त, आपण जिल्ह्यातल्या एका शाळकरी मुलाची बातमी फोटोसह छापली. आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन त्याला उपचारासाठी नागपूरला नेलं-आणलं, शाळेतल्या मॅडमनी मनापासून मेहनत घेतली, आणि आता तो वर्गात बसतो, पाढे म्हणतो, पाहुण्यांना नमस्कार करतो. चांगलीच गोष्ट आहे. पण खाली चौकटीत एक ओळ होती: ‘आता तो इतका चारचौघांसारखा वागतो की सांगितल्याशिवाय ओळखूही येत नाही.’ पेपर आमच्या गावात दुपारच्या एसटीनं येतो. पोस्टात आलेल्या दोघातिघांनी तो चाळला आणि "पाहा बरं, पोट्टं सुधरलं" म्हणून घडी घालून ठेवला. मला त्या एका ओळीबद्दलच लिहायचं आहे, कारण चाळिशी उलटेपर्यंत मीही कोणाला ओळखू आले नव्हते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात ब्रँच पोस्टमास्तर आहे. कापूस, तूर, सोयाबीनचं गाव. आरडी, सुकन्याची पासबुकं, मनिऑर्डर, स्पीड पोस्ट, थैली बांधणं, रोजचा हिशेब जुळवणं हे माझं काम आणि ते मला मनापासून आवडतं. शिक्क्याची तारीख सकाळी बदलताना जे बरं वाटतं ते मला कोणत्याही सणाला वाटलेलं नाही. गावाचं माझ्याबद्दल मत असं: बाई हिशेबाला पक्की, शिस्तीची, जराशी घुमी.

भावाच्या मुलाला तपासायला नागपूरला नेलं तेव्हा सोबत मी गेले, कारण भाऊ फवारणी सोडून येऊ शकत नव्हता आणि वहिनीला फॉर्म भरायची धास्ती वाटते. तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाई एकेक सवय विचारत होत्या. ठरलेल्या ताटातच जेवतो का, अचानक बेत बदलला तर चिडतो का, मिक्सरच्या आवाजाला कान झाकतो का, तेच तेच वाक्य पुन्हा म्हणतो का. वहिनी दर प्रश्नाला "हो" म्हणायची आणि माझ्याकडे बोट दाखवून पुढं जोडायची, "पण मॅडम, हे त आमच्या ताईचंही असंच हाय." तिला वाटत होतं की त्यामुळं पोराचा आजार हलका ठरेल. ताईची नोकरी आहे, संसार आहे, म्हणजे पोराचंही ठीकच होईल. मॅडमनी तेव्हा फक्त ऐकून घेतलं. भाच्याचं काम संपल्यावर मात्र मला म्हणाल्या, तुम्हाला वाटलं तर तुम्हीही एकदा निवांत या. मी गेले. भाच्याचं स्वमग्नतेचं निदान झालं तसं पुढं माझंही झालं.

आता नजरेचं सांगते. आपल्या देशात माणसाला स्वमग्नता किती आहे हे ठरवायला ‘इसा’ नावाची मोजपट्टी वापरतात, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं केलेली. तिच्यात ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि बेरीज ७० च्या खाली आली तर स्वमग्नता नाही असं धरतात. पहिलाच मुद्दा आहे नजरेला नजर न देण्याचा. माझं माहेर दारव्हा तालुक्यातलं. मी लहान असताना तिथं पोरीनं मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाहून बोलणं म्हणजे आगाऊपणा होता. मी जमिनीकडे पाहून बोलायची, तर आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, "आमची पोरगी म्हणजे गरीब गाय, मान वर करत नाही." माझा एक चुलतभाऊ तसाच खाली पाहायचा. त्याला सगळे ‘बयाड’ म्हणायचे आणि मास्तर हनुवटी धरून त्याची मान वर करायचे. एकाच घरात, एकाच अंगणात, त्याचं ते खूळ ठरलं आणि माझे ते संस्कार. पुढं मला पाहायला आलेल्या मंडळींनाही तीच खाली घातलेली मान पसंत पडली. लक्षण डोळ्यासमोर होतं आणि त्यावर माझं लग्न जमलं!

दोष एकट्या आमच्या खेड्याचा नाही. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी बाल्टिमोरमध्ये ज्या ११ स्वमग्न मुलांचं वर्णन केलं त्यांत ८ मुलगे होते आणि ३ मुली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अस्पर्गर या डॉक्टरांनी ज्या चौघांबद्दल लिहिलं ते चौघेही मुलगेच. त्यानंतर कित्येक वर्षं डॉक्टरांच्या मनात स्वमग्न म्हटलं की मुलगाच यायचा. चार मुलग्यांमागे एक मुलगी हे प्रमाण वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०१७ साली अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हा ते तिनास एक असावं असं दिसलं, आणि मुलींचं निदान निसटतं हेही त्यात आलं. २०१३ च्या अमेरिकन निदानपुस्तिकेनं तर स्पष्टच लिहून ठेवलं आहे की शिकलेल्या युक्त्यांमुळं ही लक्षणं पुढच्या आयुष्यात झाकली जाऊ शकतात.

या झाकण्यालाच मास्किंग म्हणतात, आपण मुखवटा म्हणू. लंडनच्या लॉरा हल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९२ स्वमग्न प्रौढांना त्यांच्या अनुभवाबद्दल विचारलं, ते २०१७ साली प्रसिद्ध झालं, आणि त्यावरून पुढं २५ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली. नागपूरच्या मॅडमनी ते प्रश्न मला मराठीतून समजावून विचारले. त्यांचा रोख तीन गोष्टींवर असतो: जे आपसूक जमत नाही ते नियम पाठ करून भरून काढणं, जे वेगळं आहे ते दडवणं, आणि चारचौघांत मिसळल्यासारखं दाखवणं. मला वाटायचं हे सगळेच करतात. कोण नाही करत? लग्नात सगळेच थोडं खोटं हसतात. तेव्हा मॅडमनी विचारलं की घरी आल्यावर तुमचं काय होतं? तिथं माझं उत्तर आणि वहिनीचं उत्तर वेगळं निघालं. वहिनी लग्नाहून आली की आणखी दोन तास लग्नाबद्दल बोलते.

मी काय करते ते सांगते. माझ्याकडे उत्तरं तयार असतात. "जेवल्या का?" याला काय म्हणायचं, "पाऊस काय म्हणतो?" याला काय, कोणाचं बाळंतपण झालं तर काय, कोणाचा कापूस भिजला तर काय. ही वाक्यं मी घरून पोस्टात येताना तोंडातल्या तोंडात म्हणून पाहते. माणसाकडे पाहायचं म्हणून बायकांच्या टिकलीकडे पाहते आणि पुरुषांच्या दोन भुवयांमधल्या जागेकडे. टिकली मोठी असली की सोपं जातं. पण असं पाहत असताना समोरचा काय बोलतो ते मला अर्धंच ऐकू येतं, आणि तेव्हाच नोटा मोजायच्या असल्या तर पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागतात. खाली पाहून ऐकलं तर एक शब्द चुकत नाही. माझं हसणंसुद्धा उसनं आहे, माझ्या धाकट्या मावशीचं. ती हसली की माणसं खूश व्हायची, म्हणून मी शाळेत असतानाच ते उचललं. (ते मात्र मी ठेवलं आहे. चांगलं आहे हसणं, आणि मावशी आता नाही.)

लग्नात मी आहेराच्या वहीपाशी बसते. पंचक्रोशीत ख्यातीच झाली आहे की आहेर लिहायला पोस्टवाल्या बाईच पाहिजेत, एका रुपयाची चूक होत नाही. मांडवाच्या कडेला एक टेबल, पाठीमागं भिंत किंवा कनात. माणूस येतो, नाव सांगतो, गाव सांगतो, पाकीट देतो, जातो. "शंभर एक", "पाचशे एक", पुढचा. हाताला धरून नाचायला कोणी ओढत नाही, कारण बाईजवळ पैसे आहेत. बाजूला डीजे चालू असतो, छातीच्या पिंजऱ्यात ते दणके बसत असतात, आणि मी ओळी आखत असते. लोकांना वाटतं बाईंना जबाबदारीची हौस.

मयतीचं याहून कठीण. आमच्याकडे बायका गळ्यात पडून रडतात, आणि कोण किती रडली हे लक्षात ठेवलं जातं. मला तिथं रडू येतच नाही. इतके आवाज, इतके हात, उदबत्तीचा वास, की आतलं सगळं बंदच पडतं. म्हणून पदर कधी तोंडाला लावायचा, कोणाच्या पाठीवर हात ठेवायचा, किती वेळानं डोळे पुसायचे, हे मी बाकीच्यांकडे पाहून शिकले. आमच्या गल्लीतली एक म्हातारी, जिला मी दर महिन्याला पैसे काढून द्यायची आणि जी दर वेळी नोट उन्हात धरून पाहायची, ती वारली तेव्हाही मी तसंच केलं. पुढं तिचा मुलगा वारसाचा क्लेम घेऊन आला. मी पासबुक उघडलं. शेवटच्या नोंदीखाली तिचा अंगठा होता, शाई जराशी पसरलेली, कारण तिला अंगठा दाबून मग फिरवायची सवय होती. तिथं मला जे रडू कोसळलं ते आवरेना. मुलगा घाबरला. "बाई, फॉर्ममंदी काई चुकलं का?" मयतीच्या दिवशीचं रडणं गावानं पाहिलं आणि मान्य केलं. खरं रडले ते फॉर्मवर, आणि ते विचित्र ठरलं.

या सगळ्याची भरपाई घरी करावी लागते. दिवाळीनंतर आमच्या घरातली एक खोली भाव येईपर्यंत कापसानं भरलेली असते. कापसाच्या खोलीत आवाज येत नाही. बाहेर ट्रॅक्टर गेला तरी आत नुसती थरथर. लग्नाहून, मयतीहून, मार्चअखेरीच्या हिशेबाहून आले की मी त्या खोलीत दार लावून पडायची. बरेच दिवस साठवलेल्या कापसाची अंगाला किती खाज सुटते हे विदर्भात कोणाला सांगायला नको, आणि मला तर ब्लाउजच्या शिवणीचा दोराही सहन होत नाही. तरी मी खाज पत्करायची. सासूबाईंना वाटायचं सून आळशी आहे, किंवा कापसावर नजर ठेवून असते.

एका मार्चअखेरीस माझं बोलणंच बंद पडलं. शब्द माहीत असायचे, तोंडापर्यंत यायचे नाहीत. भाजीत मीठ घातलं की नाही हे कळेना, ओळखीच्या माणसाची सही ओळखेना. रजेवर गेले, बदली माणूस ठेवला. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही आहे, अंगारा झाला, लिंबू झालं. मग डॉक्टर झाले, टेन्शनच्या गोळ्या झाल्या. नागपूरच्या मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्याला नाव दिलं: स्वमग्न माणसाचं बर्नआउट. अमेरिकेत डोरा रेमेकर यांच्या गटानं २०२० साली त्यावर अभ्यास प्रसिद्ध केला आहे. न संपणारा थकवा, येत असलेली कामं न येणं, आवाज-उजेड-स्पर्श आधीपेक्षाही असह्य होणं. आणि त्याच्या कारणांमध्ये वर्षानुवर्षं मुखवटा धरून ठेवणं हे एक मोठं कारण.

आमच्या जिल्ह्यात आत्महत्या हा शब्द पेपरात कायमचाच झाला आहे, म्हणून पुढचं वाक्य मी जपून लिहिते. २०१८ च्या एका ब्रिटिश अभ्यासात, जे स्वमग्न प्रौढ स्वतःला जास्त झाकतात त्यांच्यात जीव नकोसा होण्याचे विचारही जास्त आढळले. माझ्या मनात असे विचार आले होते. कोणाच्या मनात येत असतील तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीतून बोलता येतं. मला फोनवर बोलायचीच भीती, तरीही लिहून ठेवते.

एका डॉक्टरांना मी निदानाचा कागद दाखवला होता. ते हसून म्हणाले, "ताई, तुम्ही तर माझ्याकडे पाहून बोलताय, नोकरी करता, दोन लेकरं आहेत. तुम्हाला कसला ऑटिझम? हल्ली हे फॅड आलंय." मी त्यांच्या कपाळावरच्या गंधाकडे पाहत होते.

इथं मला आपल्या बातमीतल्या मुलाकडे यायचं आहे. माझा भाचा गावच्या शाळेत जातो. आनंद झाला की तो दोन्ही हात पंखांसारखे झटकतो. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन निघालेली पोरं पाहून तो असे हात हलवत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचा. आता शाळेत त्याला हात मांडीखाली दाबून बसायला शिकवलं आहे. बाई सांगतात, "वर्गात काही त्रास नाही, इतका शहाणा बसतो." घरी आला की दप्तर फेकतो, मनगट चावतो, तासभर ओरडतो. मग शाळा म्हणते, आमच्याकडे तर नीट असतो, घरीच लाड होत असतील. वहिनीची सासू म्हणते, आईलाच धाक नाही. वहिनी बिचारी दोन्हीकडून ऐकते. मी तिला सांगितलं की दिवसभर दाबून ठेवलेलं तो तुझ्यापुढं सोडतो, कारण तिथं त्याला भीती नाही. संध्याकाळचा तो गोंधळ आणि सकाळचा तो शहाणपणा एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. आपल्या वार्ताहरांनी त्या मुलाच्या आईला हे विचारायला हवं होतं: शाळेतून आल्यावर तो काय करतो?

ब्रिटनमधले अभ्यासक डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी २०१२ मध्ये एक विचार मांडला. आजवर म्हणत आले की स्वमग्न माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही. मिल्टन म्हणतात, न कळणं दोन्हीकडून आहे. मला हे वाचून आमच्या गावात बदलून आलेला पश्चिम महाराष्ट्रातला ग्रामसेवक आठवला. आम्ही "येऊन राहिलो नं बाप्पा" म्हणालो की त्याला उद्धट वाटायचं, तो "आपण बसून घ्या" म्हणाला की आम्हाला तो शिष्ट वाटायचा. वर्षभर दोघांची पंचाईत. पण त्याच्या किंवा आमच्या डोक्यात बिघाड आहे असं कोणी म्हटलं नाही, दोन्हीकडची माणसं थोडीथोडी शिकली. माझ्या बाबतीत शिकायचं सगळं काम माझ्याकडेच होतं, आणि मी ते करते आहे हेही कोणाला ठाऊक नव्हतं.

निदानानंतर मी काही एकदम बदलून गेले नाही. शहरातल्या बायका सांगतात, मुखवटा फेकून द्या, खऱ्या वागा. ज्या सुनेला सासरी अजून तोंड वर करून बोलता येत नाही तिला हे सांगणं सोपं आहे. जिनिंगवर रोजीनं जाणाऱ्या पोराला मुकादमापुढं कान झाकता येतील का? मला माझा पगार आहे, गावात पत आहे, म्हणून मी थोडं थोडं सोडू शकले. तपासणीला वरून साहेब येतात त्या दिवशी मी आजही भुवयांकडेच पाहते आणि पाठ केलेलं बोलते. ती माझी गरज आहे, आणि किती खर्च होणार हे आता आधी माहीत असतं, म्हणून दुसऱ्या दिवशी काही ठेवत नाही.

सोडलं ते असं. माझ्या मुठीत नेहमी सरकी असायची, टेबलाखाली, कोणाला न दिसता. बोटांमध्ये सरकी फिरवली की तिच्यावरची बारीक लव बोटांना लागते आणि डोकं जाग्यावर राहतं. आता वाटीभर सरकी टेबलावर उघडी ठेवलेली असते. पहिल्यांदा एका आजोबांनी विचारलं, "काऊन वं बाई, पोस्टात सरकी इकून राहिली का?" मी म्हटलं, "नाही बाबाजी, हाताले बरं वाटते." त्यांनी स्वतः दोन दाणे उचलले, फिरवले, "हो नं" म्हणाले आणि पैसे काढायचा फॉर्म पुढं केला. गिऱ्हाइकांना मी सांगते की मी खाली पाहून ऐकते, तुम्ही बोला. लग्नात आहेर लिहून होतो, वही घरच्या माणसाच्या ताब्यात देते आणि वरात यायच्या आत निघते. पोस्ट बंद करून घरी आले की चहा होईपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नाही. हे यांनीच मुलांना समजावलं, फार न बोलता, कारण हेही बोलण्यातले नाहीत. मयतीला मी आता रडत नाही. माणसं जेवायची राहिलेली असतात, त्यांच्याकडे पिठलं-भाकरीचा डबा नेऊन देते. दोन बायका यावरून बोलल्या. बोलू देत.

सासूबाईंना सांगायला मला सगळ्यात जास्त हिंमत लागली. त्यांना स्वमग्नता, मास्किंग यातलं काही सांगितलं नाही. म्हटलं, "आतेबाई, लय आवाज झाला, लय माणसं झाली का माह्या डोक्यात काहीच उरत नाही, म्हणून मी खोलीत जातो." त्या जात्यापाशी तूर भरडत होत्या. थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "तुह्या सासऱ्याची बहीण अशीच होती. फक्त बैलाशीच बोले. लगन नाही झालं तिचं. आम्ही समजलो लागीर हाय." मग थोड्या वेळानं, "कापसाच्या खोलीत खाजवते. मागच्या पडवीत खाट टाक." आता पडवीत खाट आहे.

आमच्या घराण्यात त्या आत्याचं नावही कोणी घेत नव्हतं. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ प्रकार होते, त्यात स्वमग्नतेला वेगळा रकाना नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले आणि त्यात स्वमग्नता आहे, म्हणून माझ्या भाच्याला किमान दाखला तरी मिळतो. त्याच्या वेळी आम्ही योग्य ठिकाणी पोचलो ते अंगणवाडीताईंमुळं. शाळा-अंगणवाड्यांत राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं आणि गरज असेल त्यांना सरकारी रुग्णालयात पुढं पाठवतं. ही व्यवस्था आहे आणि ती वापरावी. पण पथकापुढं जे पोर ओरडतं तेच दिसतं. कोपऱ्यात गुपचूप बसलेली, सांगितलेलं सगळं ऐकणारी, वही सुंदर ठेवणारी आणि दर आठवड्याला पोट दुखतं म्हणून घरी राहणारी मुलगी कोणाच्या यादीत येत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी, विशेषतः बाईंनी, तिच्याकडे पाहावं. तिला बोलतं करायला उभं करू नये. नुसतं विचारावं की तुला कुठं बसलं की बरं वाटतं.

आणि शाळांसाठी आणखी एक. मूल ऐकताना खिडकीकडे पाहत असेल तर हनुवटी धरून मान वळवू नका. त्याला प्रश्न विचारा. उत्तर आलं तर तो ऐकत होता. स्नेहसंमेलनात नाचायचं नसेल तर पडदा ओढायचं काम द्या, पाट्या लिहायचं द्या, चपला मोजायचं द्या. माझ्यासारखी पोरं चपला फार नीट मोजतात.

संपादकसाहेब, पुढच्या २ एप्रिलला आपण पुन्हा कोणाची तरी बातमी छापाल. एखाद्या मोठ्या माणसाला विचारून छापा. आपल्या तालुक्यांत आहेत: कोणी किराणा दुकानात वजन करतो आहे, कोणी सातबारा टाइप करते आहे, कोणी चांगला मोटार मेकॅनिक आहे आणि माणसांशी तुसडा म्हणून बदनाम आहे. सगळेच स्वमग्न नसतील, पण काही असतील. आणि त्या लहान मुलाचा फोटो पुन्हा छापायची वेळ आली तर कॅमेऱ्याकडे पाहून हसायला लावू नका. तो ज्याकडे पाहत असेल त्याचाच फोटो घ्या.

माझं नाव छापू नये ही विनंती. तालुक्यात पोस्टातल्या बाया मोजक्याच आहेत, ओळखणारे ओळखतीलच, त्याला हरकत नाही. पण पेपरात नाव आलं की लोक विचारपूस करायला घरी येतात, आणि चहा करावा लागतो.

पत्र लांबलं आहे. जागेप्रमाणे काटछाट करा, कॅनर-अस्पर्गर गाळले तरी चालतील. नजरेबद्दलचा आणि भाच्याच्या संध्याकाळचा भाग मात्र काढू नका.

आपली,
एक वाचक
जि. यवतमाळ